घात ओळखीच्याच नावाने होतो


'अनोळखी माणसाचा मेल उघडू नका' हा गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचा सल्ला अर्धाच आहे. मे २००० मधला 'आय लव्ह यू' विषाणू आठवा. मेलसोबतची फाइल उघडणाऱ्याच्या यादीतल्या सगळ्यांना तो आपोआप जाई, म्हणजे पत्र ओळखीच्याच माणसाचे असे. फाइलच्या नावाचे शेपूट होते '.व्हीबीएस', पण विंडोज ते लपवी; दिसे फक्त '.टीएक्सटी'. साधा मजकूर वाटून लोक फसले.

आता तेच व्हॉट्सअ‍ॅपवर. इथे वसईत, ऐन लग्नसराईत, शेजारच्या काकूंना मामेभावाच्या नंबरवरून 'लग्नपत्रिका' आली. नावापुढे '.एपीके'. चष्मा देवघरात राहिलेला. पत्रिका उघडेना म्हणून तीनदा दाबले, मोबाइलने मागितल्या त्या परवानग्या दिल्या. मेसेज वाचायचीही, म्हणजे ओटीपी गेलाच. (पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे अख्खे अ‍ॅप.) १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन लावला म्हणून थोडी रक्कम तरी अडली.

'ज्येष्ठांनी या भानगडीत पडूच नये' हे पत्रातले वाक्य मात्र खटकले. वीजबिलापासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळे मोबाइलवर ढकलले, ते काय काकूंनी?

— एक वाचक, वसई