खरचटलेला गुडघा

गडहिंग्लज म्हटलं की फुटबॉल! आणि फुटबॉल म्हटलं की गुडघा खरचटणं आलंच. थोड्याच दिवसांत तिथं नवी कातडी येते. पण ती वाढतच का जात नाही? ‘आता पुरे’ असं तिला कोण सांगतं?

शेजारी! कातडीतल्या पेशी ‘कॅडहेरिन’ नावाच्या प्रथिनांनी एकमेकींचे हात धरून बसलेल्या असतात. खरचटलं की हात सुटतात. मग ‘याप’ नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं नि हुकूम सोडतं, “वाढा!” फट बुजली, हाताला पुन्हा हात लागले, की यापला केंद्रकाबाहेर अडवलं जातं. वाढ थांबते.

आणि पकड सैलच राहिली तर? पेशींना जोडणारं आणखी एक प्रथिन आहे, प्लॅकोफिलिन-३. ते कमी केलं, की पेशींची पकड ढिली होते नि उंदरांमध्ये कर्करोग दूरवर पसरतो, असं नवी मुंबईत खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिलं.

तेव्हा गुडघ्याची खपली मुळीच काढायची नाही, बरं का! तिच्याखाली हाताला हात लागत असतात.