दोष जिभेचा नव्हे, कानाच्या सवयीचा

मेक्सिकोहून मजुरीसाठी अमेरिकेत गेलेला माणूस दुकानात इंग्रजीतून कागदाचे 'शीट' मागतो. 'ई'ची 'इ' झाली की शब्दाची शिवी होते. ऐकणारे हसतात. तो मान खाली घालतो आणि पुढच्या वेळी बोलायचेच टाळतो. खरे नुकसान इथे होते.

आम्ही म्हणतो, यात त्याचा काय दोष? स्पॅनिश भाषेत स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. इंग्रजीत बोलीनुसार ते १५ ते २० भरतात. म्हणून 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी, हे दोन्ही शब्द त्याच्या कानाला एकच वाटतात.

तेव्हा शिकवणाऱ्याने आधी कान तयार करावा, मग जीभ. जहाज आणि मेंढी यांची चित्रे समोर ठेवावीत. आपण एक शब्द उच्चारावा, शिकणाऱ्याने चित्रावर बोट ठेवावे. चुका थांबल्या की आरसा हाती द्यावा. 'शीप' म्हणताना ओठ हसल्यासारखे ताणतात, जीभ वर जाते. 'शिप' म्हणताना दोन्ही सैल पडतात. नुसता स्वर लांबवून भागत नाही.

मग 'बनाना' घ्यावा. स्पॅनिश माणूस तिन्ही ठिकाणी स्वच्छ 'आ' म्हणतो. इंग्रजीत जोर मधल्या स्वरावर; पहिला आणि शेवटचा आपल्या 'कमळ'मधल्या 'अ'सारखा पुसट.

रोज दहा मिनिटे एवढेच करावे. हसणारा काही शिकवत नाही. शेजारी बसून पुन्हा पुन्हा ऐकवणारा शिकवतो.