वाघिणीत काय आले?

नांदगाव स्थानकावर भुसावळकडून कोळशाची मालगाडी आली की मनातल्या मनात एक हिशेब मांडायची आम्हाला खोड आहे. 59 वाघिणी, अंदाजे 4,000 टन माल. राख 40 टक्के धरली, तर त्यातल्या 23-24 वाघिणी नुसती राख घेऊनच मनमाडकडे निघालेल्या असतात. वर्धा ते नाशिकरोड हेच 570 किलोमीटर, आणि खाणी त्याच्याही पलीकडे. नाशिकजवळच्या एकलहरे वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्यात पडण्यासाठी राख एवढी वाट तुडवते आणि भाडे कोळशाचे भरते.

राख आपल्या कोळशाच्या रक्तातच आहे. गोंडवाना काळात वाहत्या पाण्याबरोबर आलेला गाळ कोळशाच्या कणाकणांत मुरला, त्यामुळे तो धुऊनही सहज सुटत नाही. केंद्र सरकारच्या 2014 च्या अधिसूचनेने खाणीपासून लांबच्या वीज केंद्रांना राख 34 टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले. जून 2016 पासून ते 500 किलोमीटरपलीकडच्या केंद्रांना, म्हणजे नाशिकलाही, लागू झाले. मे 2020 मध्ये ते उठले. धुतलेल्या कोळशाबरोबर पाणीही येते आणि उरलेल्या रिजेक्टमध्ये बरीच उष्णता वाया जाते, हे खरे. पण मर्यादा उठली म्हणून बॉयलरचे पोट बदलले नाही.

आमचा खरा आक्षेप राखेपेक्षा ‘ग्रेड’ या शब्दावर आहे. 2012 पूर्वी ए ते जी अशा प्रती होत्या. यूएचव्हीच्या, म्हणजे उपयुक्त उष्मांकाच्या, सूत्रात राख आणि ओलावा यांची वजावट असे. 1 जानेवारी 2012 पासून एकूण उष्मांकावर, 300 किलोकॅलरीच्या पायऱ्यांनी, जी-1 ते जी-17 आले. ग्रेड ठरते ती 40 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रतेत स्थिरावलेल्या नमुन्यावरून. बॉयलर मात्र ओला कोळसा खातो. समजा, 6 टक्के ओलाव्यावर उष्मांक 4,100 भरला, म्हणजे जी-11. तोच कोळसा श्रावणात 14 टक्के ओलावा घेऊन आला, तर हाती उरतात 3,750. लबाडी कुणीच केली नाही, तरी साडेतीनशे कॅलरी गायब! करारात जादा ओलाव्याची वजनात कपात असते, पण ती ठरावीक मर्यादेच्या वरच.

यार्डात काय होते, ते वाचकांना सांगायला नको. तरी आकडा बघा. 210 मेगावॅटच्या जुन्या संचाला युनिटमागे 2,600 किलोकॅलरी लागतात असे धरू. 4,100 च्या कोळशाने युनिटला सुमारे 635 ग्रॅम लागतील, 3,400 च्या कोळशाने 765. पूर्ण भारावर तासाला 27 टन जास्त. मग कोळसा दळणारी, राखीव ठेवलेली सहावी मिल चालवावी लागते, आणि पाचांपैकी एखादी बसली की भार उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. बंकर चोक होतो, बाहेर हातोडे वाजू लागतात, ज्योत डळमळली की तेल द्यावे लागते. राखेतली सिलिका इकॉनॉमायझरच्या नळ्या घासते ते वेगळेच. शेवटी हे सगळे ग्राहकाच्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून उतरते आणि शिव्या मात्र लाइनमन खातो.

प्रयोगशाळेच्या अचूकतेबद्दल आमची तक्रार नाही. बॉम्ब कॅलरीमीटर खोटे बोलत नाही. त्यात जाणाऱ्या एका ग्रॅमची वंशावळ संशयास्पद असते. 4,000 टनांतून एक ग्रॅम! एका केंद्रात आम्ही स्वतः पाहिले: नमुना घेणारा वाघिणीच्या कडेवर चढला, हाताशी आलेला चुरा दोन फावडी भरून घेतला आणि उतरला. खालचे ढेकूळ आणि शेल, म्हणजे आपल्या भाषेत सरळ दगड, तसेच राहिले. पुढचे चूर्ण 212 मायक्रॉनचे, तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेले; पण मुळात ती दोन फावडी. खोलातून नमुना काढणारा ऑगर असेल तर वापरा. नसेल तर वेगवेगळ्या वाघिणींतून, वरचा थर बाजूला सारून नमुना घ्या आणि ओलाव्याचा डबा तिथल्या तिथे सीलबंद करा. चहा पिऊन परत येईपर्यंत उघडा राहिलेला डबा वैशाखात कोळसा परस्पर ‘सुधारतो’.

त्रयस्थ तपासणी आली, हे चांगलेच झाले. पण खाणीवरचा आकडा आणि बंकरमधला आकडा यांत फरक निघाला की वाटेत घट झाली, साठ्यात तापला, अशी उत्तरे तयार असतात. साठवणुकीतल्या घटीसाठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने 2019 च्या नियमांत किलोमागे 85 किलोकॅलरींची मुभा दिली. त्यापुढची घट आपोआप होत नसते. ती कुठे झाली ते शोधावे लागते.

म्हणून या अंकापासून शेवटच्या पानावर तीन रकाने छापत आहोत: बिलातला उष्मांक, दारात आलेला आणि भट्टीत गेलेला. तिन्ही एकाच आधारावर, एकूण ओलावा धरून काढलेले हवेत. केंद्राचे नाव छापणार नाही. नमुना कुठून आणि कसा घेतला, ते मात्र लिहाच. त्याशिवाय आलेला आकडा आम्ही घेणार नाही.