चिखलदऱ्याचं पाणी कुठं जातं?

वऱ्हाडातल्या पोरांना समुद्र भूगोलाच्या पुस्तकात भेटतो, हिमनदीही तिथंच भेटते. धबधबा मात्र सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल एवढ्या अंतरावर आहे. म्हणून आषाढ सरला की अमरावती-अकोला जिल्ह्यांतल्या घराघरांत एकच बेत शिजतो: चिखलदरा.

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूरहून पहाटे निघालेल्या गाड्या परतवाड्यात एकमेकींना गाठतात. पिशव्यांत पुऱ्या, सुकी आलूची भाजी, मिरचीचा ठेचा, कांदे आणि एका फडक्यात बांधलेल्या पोळ्या. धामणगाव गढी मागं पडली की घाट लागतो, कानांत दडे बसल्यासारखं होतं आणि मोथा गावाजवळ खिडकीतून आत येणारी हवाच बदलते. समुद्रसपाटीपासून 1118 मीटर उंचीवरचं हे पठार 1823 साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सन याच्या नजरेत भरलं आणि पुढं इंग्रजांनी इथं थंड हवेचं ठिकाण वसवलं, कॉफीही लावली. गवळी आणि कोरकू माणसं अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून इथं होती. चिखलदऱ्याची रबडी खाऊन परतणाऱ्या प्रत्येकानं त्या गवळ्यांच्या म्हशींना मनातल्या मनात हात जोडावेत, इतकी ती चांगली असते.

श्रावणात भीमकुंड लगेच दिसत नाही, आधी ऐकू येतं. कठड्याशी उभं राहावं तर समोर नुसता पांढरा ढग. कीचकाला मारून भीमानं इथं हात धुतले, ही कथा आजी नातवंडांना सांगत असते आणि खालून घों घों आवाज येत राहतो. मग वारा सुटतो, ढग बाजूला सरतो आणि काळ्या कातळावरून तुटून पडणारं पाणी एकदम समोर येतं. पोरं किंचाळतात. मिनिटभरात ढग परत येतो. तो कातळ नीट पाहिला तर आडवे थर दिसतात. जमिनीच्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाचे ते थर आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. फोटो काढायला पाठ करून उभं राहणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि त्याच कठड्यावर चढणाऱ्यांना तर पायाखालचं शेवाळही दिसत नाही.

अशा वेळी एखादं पोर हमखास विचारतं, ‘‘आबा, एवढं पानी जाते कुठी?’’

या प्रश्नाला चिखलदऱ्याच्या कुठल्याच पॉइंटवरच्या पाटीनं उत्तर दिलेलं नाही. ते आबांनीच द्यायला हवं, कारण बहुतेक आबांच्या घरातल्या माठात त्याच डोंगराचं पाणी असतं.

सातपुड्यातल्या ज्या मेळघाटात चिखलदरा आहे, त्याच्या दक्षिण उतारावरचं पाणी चंद्रभागा, शहानूर, वान अशा नद्यांनी खाली येऊन पूर्णेला मिळतं. ज्या सपाट काळ्या रानातून पूर्णा वाहते, तो आपला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे 4700 चौरस किलोमीटरचा हा मुलूख. कापूस, हरभरा, तूर पिकवणारी कसदार जमीन, पण विहीर खोदली की खारं पाणी. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मूत्रपिंडाच्या दुखण्यांनी गावंच्या गावं बेजार आहेत. तिथल्या आजीबाईंना गोड्या पाण्याच्या विहिरी गावागणिक तोंडपाठ असत, कारण कोसभर चालून घागर आणायची ती त्यांनीच.

ही पायपीट कमी केली ती डोंगराच्या पायथ्याशी बांधलेल्या धरणांनी. वारी भैरवगडला वान नदीवर हनुमान सागर आहे. अकोट आणि तेल्हारा तालुक्यांची 84 खेडी पाणीपुरवठा योजना त्याच्याच जिवावर चालते. अंजनगाव सुर्जीच्या वरचं शहानूर धरण दर्यापूर-अंजनगावच्या खाऱ्या गावांना पाजतं. आता वानच्या पाण्यावर इतर तालुक्यांच्या योजनांचाही हक्क लागला आहे. शेतीचं पाणी पिण्याला गेलं म्हणून तेल्हाऱ्याचे शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एका डोंगराकडून किती जणांनी मागावं?

अकोल्याला या पाण्याचा मान ठाऊक आहे. 1944 साली पाऊस रुसला तेव्हा गांधीग्रामला जाऊन पूर्णेचं पाणी कावडीनं आणून राजराजेश्वराला घातलं गेलं. तेव्हापासून श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी हजारो शिवभक्त अठरा-एक किलोमीटर अनवाणी चालत भरलेल्या कावडी शहरात आणतात. त्या कावडींत सातपुड्याचा पाऊस असतो.

आता राहिला समुद्र. मेळघाटाच्या उत्तरेला पडणारा पाऊस सिपना, गाडगा, खापरा या नद्यांनी थेट तापीत जातो. दक्षिणेचा पूर्णेतून चांगदेवजवळ तापीला भेटतो. दोघं मिळून उकाईच्या धरणातून, सुरतेवरून, डुमसच्या काठाशी अरबी समुद्रात उतरतात. सेमाडोहच्या सिपनेत पाय बुडवणाऱ्या पोराला हे नकाशावर बोटानं दाखवावं. समुद्रकिनारी न जाताही त्याला समुद्र कळायला लागतो.

हिमनदीचं तसं नाही. गंगेला उन्हाळ्यात गंगोत्रीची सुमारे 30 किलोमीटर लांबीची हिमनदी सांभाळून घेते. मेळघाटात कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचं दव गोठतं, तेवढंच आपलं बर्फ. आपल्या नद्यांची सारी कमाई चार महिन्यांच्या पावसाची. डोंगरावर पाऊस मैदानाच्या जवळपास दुप्पट पडतो, पण तो थरांचा काळा कातळ पाणी फार धरत नाही. जे काही मुरतं ते सागाच्या पानांच्या थराखाली, मुळांच्या मातीत. तेच पुढं झऱ्यांतून हळूहळू सुटतं. देवी पॉइंटला गुहेतल्या देवीवर पाऊस नसतानाही पाणी ठिबकतं, ते याच मुरलेल्या साठ्यातून. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट निवडला गेला. वाघासाठी राखलेल्या त्या जंगलानं खालच्या मैदानाच्या पाण्याचीही राखण केली, ही गोष्ट वाघाच्या कौतुकात मागंच पडली.

आणि वरची माणसं? चिखलदरा तालुक्यातल्या खडीमलचं नाव दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येतं. टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि बायाबापड्या, लेकरं दोर-बादल्या घेऊन काठावर झुंबड करतात. श्रावणात ज्या डोंगरावरून पाणी कोसळताना पाहायला गाड्यांची रांग लागते, त्याच डोंगरावरचं गाव वैशाखात गढूळ बादलीसाठी धडपडतं. खालच्या लाखोंच्या नळाची सोय झाली, वरच्या काहीशे घरांची अजून होत नाही. हे तंत्र जमत नाही म्हणून घडतं असं मानायला मन तयार होत नाही. उतारावरचे समतल चर, नाल्यांवरचे छोटे बांध, झऱ्यांची देखभाल, यांत न कळण्यासारखं काही नाही.

म्हणून चिखलदऱ्याच्या सहलीत एक फेरफार सुचवावासा वाटतो. उतरताना परतवाड्यात चहाला थांबतो तसं थोडी वाट वाकडी करून शहानूर धरणावर जावं. अकोटकडच्यांनी एखादा रविवार वानच्या भिंतीवर काढावा. पोरांना जलशुद्धीकरण केंद्र बाहेरून का होईना दाखवावं. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला जाण्याआधी एक दिवस याच घाटानं पुन्हा वर यावं. तेव्हा भीमकुंडाच्या कठड्यावर गर्दी नसते, कातळ कोरडा असतो आणि मोथ्याच्या रस्त्यानं पाण्याचे टँकर वर चढत असतात.