नहराची पाळ, सायकलीची वाट

डोंगर चढणारी नव्या धाटणीची सायकल माझ्याजवळ नाही. आहे ती जुनीच, दांडीची. पण अर्जुनी मोरगाव तालुक्यात इटियाडोहच्या नहराची पाळ लागली की तिलाही पंख फुटतात. चढ नाही, ट्रकची धास्ती नाही. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या.

इंग्लंडमध्ये कालव्याकाठची वाट मालाच्या होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. पुढे रेल्वे आली, मालमोटारी आल्या, घोडे गेले. वाट मात्र राहिली. आज तिच्यावरून लोक पायी अन् सायकलने हिंडतात. तिथले बहुतेक कालवे २०१२ पासून एक विश्वस्त संस्था सांभाळते.

आपल्याला हे परके नाही. नवेगावचा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पाणी अडवणाऱ्या त्या माणसांनी पाळ जपली, कारण पाळ फुटली की धान गेले.

आज नहराच्या पाळीवर ठिकठिकाणी बेशरमाची झुडपे माजली आहेत, भराव खचला आहे. शेतकरी, शाळेची पोरे, सारस पाहायला आलेला पाहुणा, वाट साऱ्यांची. म्हणूनच ती कुणाचीच नाही. दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना पाण्याचा हिशेब होतो, तसा चाकांचाही व्हावा. डांबर नको, त्यामागून ट्रक येतील. सायकलीपुरता मुरूम दाबला तरी पुरे. पाळ वापरात राहिली, तर तिची खचही वेळेवर कुणाच्या तरी नजरेला पडेल.