‘गॅस संपला’ हे निदान नव्हे

उन्हाळा ऐन भरात आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास आढळते. घरची मोटार बारा-पंधरा वर्षांची झालेली असते. इंजिन उत्तम चालते, बैठक प्रशस्त असते, वडीलधाऱ्या मंडळींना चढउतार करण्यासही ती सोयीची असते. परंतु तिचे वातानुकूलन यंत्र, ज्यास सर्वत्र ‘एसी’ म्हणतात, ते थंडावा देईनासे झालेले असते. गॅरेजात नेली की ‘गॅस संपला आहे’ असे सांगण्यात येते, गॅस भरला जातो, महिना-दोन महिने बरे जातात आणि पुढील वर्षी पुन्हा तीच रड. मग मामंजींना व सासूबाईंना घेऊन कुलदैवताच्या दर्शनास जावे कसे, आणि गाडी ठेवावी की काढून टाकावी, हा प्रश्न साऱ्या घरापुढे उभा राहतो. हा निर्णय घेण्यापूर्वी रोग कोणता आहे हे समजून घेणे अवश्य आहे.

माठातील पाणी थंड का होते हे आपल्या घरातील शाळकरी मुलेही सांगतील. माठाच्या अंगावरून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडून जाते व जाताना उष्णता घेऊन जाते. मोटारीतील यंत्राचे तत्त्व हेच होय. भेद इतकाच की येथे उडालेली वाफ वाया जात नाही. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, तेव्हा ती तापते. रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये ती आपली उष्णता बाहेरच्या हवेस देऊन द्रवरूप होते. तेथून ती एका बारीक छिद्राच्या झडपेतून कूलिंग कॉइलमध्ये शिरते, तेथे तिची पुन्हा वाफ होते व गाडीच्या आतील हवेतील उष्णता ती शोषून घेते. हे चक्र बंद नळ्यांतून अखंड चालते. माठ रोज भरावा लागतो, कारण त्यातील पाणी खर्च होते. गाडीतील गॅस खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर तो कोठून तरी गळाला आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

यास एक अपवाद मान्य केला पाहिजे. रबरी नळ्या व कॉम्प्रेसरच्या दांड्यावरील सील यांतून जुन्या गाडीत थोडा गॅस वर्षानुवर्षे झिरपतच असतो. पाच-सहा वर्षांनी एकदा भर घालावी लागली तर त्यात नवल नाही. दरवर्षी घालावी लागत असेल तर मात्र ती गळतीच समजावी.

तथापि थंडावा कमी होण्याचे कारण प्रत्येक वेळी गॅस हेच असते असेही नाही. यास्तव गॅरेजात जाण्यापूर्वी घरच्या मंडळींनी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. त्यास कोणतेही हत्यार लागत नाही.

पहिली गोष्ट वाऱ्याची. झरोक्यांतून वारा जोराने येतो, पण तो थंड नसतो, हा एक विकार. वारा थंड असतो, पण येतोच थोडा, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात गॅसचा संबंध बहुधा नसतो. हवेचा फिल्टर किंवा कूलिंग कॉइल धुळीने व केरकचऱ्याने भरलेली असते. पंखा केवळ सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल आणि लहान वेगांवर मुका राहत असेल, तर त्याचा रेझिस्टर जळाला आहे असे बहुतेक खात्रीने समजावे. ही दुरुस्ती फार खर्चाची नसते.

दुसरी गोष्ट वेळेची. गाडी धावत असता थंडावा मिळतो आणि सिग्नलपाशी उभी राहताच नाहीसा होतो, असे होत असेल तर कंडेन्सरवर वारा सोडणारा विजेचा पंखा चालतो की नाही ते पाहावे. धावत्या गाडीस वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीस तो पंख्यानेच द्यावा लागतो. याउलट प्रारंभी उत्तम थंडावा असून अर्ध्या-पाऊण तासाने वारा हळूहळू कमी होतो व एसी काही वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत होतो, असे असेल तर कॉइलवर बर्फ धरत आहे. तेथे दोष बहुधा तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा असतो. बॉनेट उघडून पाहणाऱ्यांनी उपरणे, पदर व बोटे दूर ठेवावीत, कारण हा पंखा अवचित सुरू होतो.

तिसरी गोष्ट आवाजाची. एसीचे बटण दाबताच कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ असा आवाज करून धरतो. तो मुळीच धरत नसेल तर फ्यूज, रिले वा तार यांत दोष असू शकतो, अथवा गॅस इतका कमी झालेला असतो की संरक्षक प्रेशर स्विच त्यास चालूच होऊ देत नाही. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरत असते; गॅस नाहीसा झाला की तेलही पोहोचत नाही. म्हणून हा स्विच वगळून तार थेट जोडून देतो असे कोणी म्हणाल्यास स्पष्ट नकार द्यावा. त्या क्षुल्लक युक्तीने सर्वांत महागडा भाग निकामी होतो. क्लच दर काही सेकंदांनी धरत व सोडत असेल तर गॅस कमी असण्याचा संभव अधिक. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग धूळ धरून बसलेला दिसला, तर गळतीची जागा बहुधा तीच असते.

गाडीखाली पाणी ठिबकते म्हणून कित्येक जण घाबरतात. ते पाणी हवेतील बाष्पाचे असते आणि ते पडणे हे प्रकृतीचे लक्षण होय. ते आत पायांशी साचू लागले, तरच निचऱ्याची नळी साफ करावी. हे बाष्प काढण्यातही यंत्राची शक्ती खर्च होते. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेत झरोक्यातील वारा, तितक्याच तापमानाच्या कोरड्या दिवसापेक्षा कमी गार लागतो. तेवढ्यावरून यंत्रास दोष देऊ नये.

आता गॅरेजातील परीक्षा. मेकॅनिक दोन गेज लावतो. बंद गाडीतील दाब पाहून ‘गॅस पुरेसा आहे’ असे म्हणणे व्यर्थ आहे. आर-१३४ए हा गॅस ३० अंश सेल्सियसला सुमारे ९७ पौंड दाब दाखवितो. नळ्यांत द्रवाचा थोडा अंश असेल, तोवर आत तो पूर्ण आहे की निम्मा, याने त्या आकड्यात फरक पडत नाही. चालू यंत्राचे दोन्ही दाब एकत्र वाचावे लागतात. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरमधून उष्णता नीट बाहेर जात नाही किंवा गॅस अधिक भरला आहे. खालचा दाब जास्त व वरचा कमी असेल तर कॉम्प्रेसर अशक्त झाला आहे.

गळती ठरली की ती शोधावी. साबणाचे पाणी, गळती हुंगणारे विद्युतयंत्र अथवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग, ही त्याची साधने होत. सांधा दुरुस्त केल्यावर ओलावा शोषणारी ड्रायर बाटली बदलावी, निदान अर्धा तास व्हॅक्यूम करावा, तो टिकतो की नाही हे पाहावे आणि मग गाडीवरील पट्टीत लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरावा. ज्यांच्याकडे फार जुनी गाडी असेल त्यांनी गॅसचा प्रकारही तपासावा. पूर्वीचा आर-१२ ओझोनच्या थरास घातक ठरला, आणि औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता त्या वर्गातील वायूंचे उत्पादन भारताने ऑगस्ट २००८ पासून बंद केले. त्याच्या जागी आर-१३४ए भरावयाचा तर तेलही बदलावे लागते. स्वस्त म्हणून ज्वालाग्राही वायू भरून घेणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. कूलिंग कॉइल प्रवाशांच्या समोरच असते.

आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु उष्णता कोंडून ठेवण्यात तो तितक्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक प्रभावी आहे. अर्धा किलो गॅस दर उन्हाळ्यात हवेत सोडणे म्हणजे स्वतःच्या पैशाने उन्हाळा वाढविण्यासारखे आहे. जे वृद्ध व जी बालके यांच्यासाठी आपण हा खटाटोप करतो, त्यांनाच त्याची झळ अधिक लागणार.

गाडी ठेवावी की नाही, हे याच परीक्षेवरून ठरते. दोष सांध्याचा, पंख्याचा किंवा फिल्टरचा निघाला तर केवळ एसीसाठी चांगली गाडी विकणे हा अविचार होय. कॉम्प्रेसर झिजून त्याचा कीस नळ्यांत पसरला असेल, तर कंडेन्सरसह बरेच भाग बदलावे लागतात. अशा वेळी त्या खर्चाची गाडीच्या किमतीशी तुलना करून घरातील कर्त्या मंडळींनी एकत्र बसून निर्णय घ्यावा.

तोवर एक नियम घरात घालून घ्यावा: गळती कोठे आहे हे डोळ्यांनी दाखविल्यावाचून गॅस भरावयाचा नाही. भरल्यावर तारीख, वजन व दुरुस्त केलेला सांधा यांची नोंद जमाखर्चाच्या वहीत करावी. पावसाळ्यात व थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे सीलना तेल मिळत राहते. पुढील वर्षी कोणी पुन्हा ‘गॅस संपला’ म्हणालेच, तर ती वही त्याच्यापुढे ठेवावी आणि गेल्या खेपेस भरलेला गॅस कोठे गेला, एवढेच शांतपणे विचारावे.