विकीच्या पानावरून कुणाचं वाक्य पुसलं जातं?

वर्गात विकी आणली की सगळे विद्यार्थी एका पातळीवर येतात, असं हल्ली आवर्जून सांगितलं जातं. एकच पान, कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. ऐकायला छान आहे. पण 'कुणीही' हा शब्द या देशात इतका सरळ कधीच नव्हता. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला. तरी १९२७ मध्ये बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला.

विकीवरचं 'संपादन' हे बटण सगळ्यांना दिसतं. ते दाबायला मात्र लॅपटॉप लागतो, इंग्रजी लागते, आणि आपलं वाक्य चुकलं तर कुणी हसणार नाही हा भरवसा लागतो. वर्गात या तिन्हींची वाटणी जातीनुसारच झालेली असते.

महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात एमए करताना आमच्या गटाने हंगामी स्थलांतरावर असं एक पान लिहिलं. गटातल्या मैत्रिणीचे आईवडील बीडहून ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नसते, 'एक कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी, असं तिने मोबाइलवरून लिहिलं. गटातल्या सफाईदार इंग्रजीवाल्याने 'संदर्भ नाही' म्हणून ते काढून टाकलं. वर्तमानपत्रातली दोन ओळींची बातमी मात्र राहिली. सरांनी शेवटचं पान पाहिलं आणि सगळ्यांना सारखे गुण दिले. याला सहयोग म्हणायचं?

संदर्भाचा नियम विकिपीडियासाठी योग्यच आहे. ज्ञानकोशात स्वतःचं संशोधन चालत नाही. पण वर्गाची विकी म्हणजे ज्ञानकोश नव्हे. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्या निबंधाला आधार कुठल्या ग्रंथाचा होता? जगण्याचाच. आज आपणच तो संदर्भ म्हणून देतो! ज्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच लिहिलं, त्यांच्याकडे छापील पुरावा मागणं म्हणजे जुनाच उंबरठा नव्याने बांधणं.

नुसतं तंत्र आणून शिक्षण होत नाही, हेही पाहून झालं आहे. २०११ साली पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विकिपीडियावर लेख लिहिण्याचा उपक्रम झाला. विद्यार्थ्यांनी इतका मजकूर जसाच्या तसा उचलला, की त्याच वर्षी तो थांबवावा लागला. पानं भरली म्हणून ज्ञान तयार होत नाही.

तरीही विकी वर्गाबाहेर फेका, असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे फळ्याकडे नसलेली एक गोष्ट आहे: पानाचा इतिहास. कुणी काय लिहिलं, कुणी काय पुसलं, कधी, हे सगळं तिथे नोंदलेलं असतं. मैत्रिणीचं वाक्यही तिथे होतं. ते कुणी उघडून पाहिलं नाही, एवढंच.

म्हणून अध्यापकांकडे मागणी साधी आहे. शेवटच्या पानाला गुण देऊ नका, इतिहास उघडा. दुसऱ्याचं वाक्य काढणाऱ्याला चर्चापानावर कारण लिहायला लावा, आणि त्या कारणाचेही गुण-अवगुण मोजा. मराठी, तेलुगू, गोंडी, ज्याला ज्या भाषेत विचार सुचतो त्या भाषेत लिहू द्या. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख नोंदवून घेतलेली मुलाखत संदर्भ म्हणून स्वीकारा. संगणकाची वेळ तासाच्या आतच द्या.

एवढं करायची तयारी नसेल, तर समतेचं नाव घेऊ नका. पुसणारे हात तेच आहेत, फक्त खडू-डस्टर बदललं आहे.

जय भीम.